मनूबियाला मरायची सोय नव्हती

मनूबिया माझी शेजारीण. नुसती शेजारीण म्हटलेलं ऐकलं तर ती कबरीतून उठून माझ्या थोबाडीत देईल, म्हणून नीट सांगते. कैरवानच्या जुन्या तटाच्या आत आमच्या बोळात तिचं घर आणि माझं घर यांच्यात एकच भिंत, आणि गच्चीवर तर तीही नाही. एकाच मागावर आम्ही दोघींनी एकतीस वर्षं गालिचे विणले. डावीकडून ती गाठी मारत यायची, उजवीकडून मी. मधे कोपराला कोपर लागलं की समजायचं, ओळ पुरी झाली. तिची गाठ अशी घट्ट की सुईचं टोक शिरायचं नाही. माझी सैल. "वसीला, तुझी गाठ सैल आणि जीभ त्याहून सैल," असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. मी म्हणायची, "आणि तू अशी आवळलेली की शिंकसुद्धा परवानगी मागून देतेस."

नवरा तिचा लवकर गेला. मुलगा एकच, हातिम. बाळंतपणात तिला ताप भरला आणि दूध आटलं. माझी नाजिहा तेव्हा चार महिन्यांची होती. एका मांडीवर नाजिहा, दुसऱ्या मांडीवर हातिम, अकरा दिवस मी दोघांना पाजलं. आमच्यात एकदा पाजलं की पोर आपलं होतं. नाजिहा त्याची सख्खी बहीण झाली, मी त्याची दुसरी आई. मला तो खालती म्हणतो, म्हणजे मावशी, पण माझ्या घरात शिरताना कधी दार वाजवत नाही.

आता हा हातिम कसा, ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा माणूस नियमाचा. रमजानात रोजा सोडायची तोफ धडाडली की सगळं गाव खजुरावर तुटून पडतं, आणि हा आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघणार, तोफवाल्यानं घाई तर केली नाही ना! शेजारच्या डाळिंबाची फांदी आमच्या गच्चीवर वाकली होती. त्याचं एक डाळिंब खायला तो खाली उतरून, बोळाला वळसा घालून, त्यांचं दार वाजवून विचारून यायचा. फ्रीज आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. हातात कला होती. लोक म्हणायचे मनूबियाचं पोर सरळ आहे. मी म्हणायची, सरळ नाही, ताठ आहे. दोन्हींत फरक असतो.

ट्यूनिसचं सरकार पडलं त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. बाहेरच्या वस्तीत नवी मशीद झाली आणि चोवीस-पंचवीस वर्षांचे पोरगे तिथे घोळक्यानं बसू लागले. हातिमनं दाढी वाढवली. ठीक आहे, दाढीनं कोणाचं काय बिघडतं? मग एक दिवस येऊन मागाजवळचा रेडिओ बंद केला. मी म्हटलं, "मेल्या, रेडिओ माझा आहे. तुला नको असेल तर कानात बोळे घाल." त्यानं विचार केला, वस्तू माझी आहे हे त्याला पटलं, आणि त्यानं रेडिओ पुन्हा लावून दिला. असा तो.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर मनूबियाकडे रव्याचं वाफवलेलं कुसकुस असायचं आणि मी तिथेच जेवायची. त्या शुक्रवारी हातिम मशिदीतून आला, आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि न बसताच म्हणाला, "उम्मी, मला तुझी इजाजत हवी."

"कशाची रे?"

"सीरियाला जायचंय. जिहादला."

मनूबियाच्या हातात भोपळ्याची फोड होती. ती तिनं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "नाही."

"उम्मी, तिथे आपल्या माणसांना मारतायत."

"इथे मी आहे. नाही म्हणजे नाही. बस, गार होतंय."

तो बसला, जेवला. मी मात्र गप्प बसणारी नव्हे. "अरे, तुला झुरळ मारवत नाही, चपलेनं बाहेर ढकलतोस. तू कसला जिहाद करणार?" असं मी म्हटलं तर माझ्याकडे त्यानं अशा कीव आल्यासारख्या नजरेनं बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मनूबिया शेख तय्यिबना घेऊन आली. आमच्या बोळाच्या टोकाच्या लहान मशिदीतले ते म्हातारे इमाम. हातिमला अक्षरं त्यांनीच शिकवली. गुडघे धरत जिना चढले, चहा घेतला, आणि मग विचारलं, "हातिम, जिहाद म्हणजे काय रे?"

"अल्लाहच्या वाटेत लढणं, सिदी शेख."

"लढणं हा त्यातला एक भाग. शब्दाचा अर्थ झटणं. जीव तोडून झटणं. आपल्या रागाशी, लोभाशी, आळसाशी, आपल्या पोटातल्या जनावराशी. तो मोठा जिहाद. तलवारीचा धाकटा."

"ती परंपरा कच्ची आहे. सांगणाऱ्यांची साखळी मधे तुटते," हातिम म्हणाला. पोरगं अगदी तयारीनं बसलं होतं.

शेखना राग नाही आला. उलट हसले. "बरं, ती कच्ची. मग ही घे. एक माणूस पैगंबरांकडे आला, म्हणाला, मला जिहादला यायचंय. त्यांनी विचारलं, आईबाप आहेत का? तो म्हणाला, आहेत. त्यांनी सांगितलं, मग जा आणि त्यांच्यासाठी झट, तोच तुझा जिहाद. आता हिची साखळी कुठे तुटते ते मला दाखव."

 हातिम आठवडाभर पुस्तकं धुंडाळत होता. मित्रांनी त्याला सांगितलं की लढणं सगळ्यांवरच फर्ज, म्हणजे बंधनकारक, झालं की आईला विचारायची गरज नाही. हा परत शेखकडे गेला. शेखनी विचारलं, फर्ज झालं हे ठरवलं कोणी? टेलिफोनवर बोलणाऱ्या माणसानं? त्याचं उत्तर याला मिळालं नाही, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हा पाऊल टाकणारा नव्हता. शेखना सोबत घेऊनच परत आला आणि आमच्यासमोर म्हणाला, "उम्मीच्या इजाजतीशिवाय मी जाणार नाही." मनूबियानं दोन्ही हात वर करून अल्लाहचे आभार मानले. मीसुद्धा मानले.

इथेच संपलं असतं. पण शेख निघाले तेव्हा जिन्याच्या पहिल्याच पायरीवर हातिमनं त्यांना विचारलं, "आणि आई नसली तर?"

त्यात दुष्टपणा काडीचा नव्हता हो. त्याला नियमाची पुढची ओळ हवी होती, एवढंच. शेखनी त्याच्याकडे बघितलं, मग मनूबियाकडे, आणि "तेव्हाचं तेव्हा" असं काहीतरी पुटपुटत खाली उतरले. मनूबिया माठाजवळ उभी होती. तिनं ऐकलं, मीही ऐकलं. त्या दिवसापासून मनूबियाला मरायची सोय राहिली नाही.

तुम्हाला वाटेल मी वाढवून सांगते. मी डोळ्यांनी बघितलंय. ही बाई पूर्वी लोकरीचं ओझं डोक्यावर घेऊन बाजारातून चालत यायची, गच्चीच्या कठड्यावर उभी राहून वाळवण घालायची. तीच आता जिना उतरताना भिंतीला दोन्ही हात लावू लागली. मोठा रस्ता ओलांडेना, मोटारी येतात म्हणून. गांधीलमाशी दिसली की दार लावून आत. मिठाचं खाणं सोडलं, मिरचीची हरीसा सोडली. आमच्या गावात हरीसा सोडलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. पुतणीच्या लग्नाला ट्यूनिसला गेली नाही, वाटेत बस उलटली तर? मी चिडून म्हटलं, "अगं, जगतेस की पहारा देतेस?" तर म्हणाली, "पहाराच." बोळ, माग आणि माठ, एवढ्यात ती बाई कोंडली गेली. आणि कुलूप कुणी बाहेरून लावलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाशी भांडायचीही सोय नाही.

दर शुक्रवारी तो विचारायचा. कपाळाचं चुंबन, "उम्मी, इजाजत?", मग "नाही", मग कुसकुस. आवाज चढला नाही, ताट आपटलं नाही. दोघं असे वागायचे की जणू मीठ मागितलं आणि दिलं. मला मात्र घास गिळवत नसे. दोघांनाही धरून हलवावं असं वाटायचं.

समोरच्या दलीलाचा रमझी, हातिमचा जिवलग, तोही त्याच घोळक्यातला. त्यानं कुणाला विचारलंबिचारलं नाही. कामाला म्हणून लिबियात गेला आणि तिसऱ्या आठवड्यात आईला फोन केला, मी पोचलो म्हणून. कुठे पोचला ते दलीलाला आवाजावरूनच कळलं. ती बोळात येऊन खालीच बसली. त्या शुक्रवारी मनूबियानं "नाही" म्हटलं ते जरा जोरात.

त्याच उन्हाळ्यात मनूबियाचं नाव हजच्या यादीत निघालं. नऊ वर्षं ती वाट बघत होती. पांढरे कपडे शिवून तयार, सुरकुत्या पडू नयेत म्हणून दर सहा महिन्यांनी काढून पुन्हा घडी घालायची. पत्र आलं तेव्हा मी गच्चीवरून ओरडून सगळ्या बोळाला सांगितलं. आणि ही बाई पत्र मांडीवर घेऊन बसून राहिली.

"गर्दी असते," ती म्हणाली. "ऊन असतं. माझ्या वयाच्या बायका तिथे जातात आणि तिथेच राहतात."

"तिथे मरण येणं म्हणजे भाग्य, असं तूच म्हणायचीस!"

"माझं भाग्य. आणि याचं?"

हातिमनं ऐकलं. त्याला ते लागलं, आणि लागलं की तो नियम काढतो. म्हणाला, "उम्मी, पैगंबरांनी बायकांना सांगितलंय, तुमचा जिहाद म्हणजे हज. तू तुझ्यावर जा. माझा अडवून ठेवलायस, निदान तुझा तरी अडवू नकोस."

मनूबिया उठली, पत्राची घडी केली आणि त्याला म्हणाली, "माझा जिहाद कोणता ते मला शिकवू नकोस." तिची जागा दुसऱ्या कुणाला गेली. पांढरे कपडे तिनं मला ठेवायला दिले. घरात दिसले की तिचं आतडं तुटायचं.

हिवाळ्यात रमझी गेल्याची बातमी आली. दलीलाला मातीसुद्धा मिळाली नाही, कबर नाही, काही नाही, फक्त कुणाच्या तरी फोनवरचा एक फोटो. त्याच सुमाराला मनूबियाला छातीत सर्दी साठून ताप भरला. चार दिवस तोंडात घास नाही. आमच्या डॉक्टरांनी हातिमला बाजूला घेऊन सांगितलं, जवळच्यांना कळवा. शुक्रवार आला. ती डोळे मिटून पडलेली. हातिम मशिदीतून आला, तिच्याजवळ वाकला आणि कपाळाला ओठ लावून म्हणाला, "उम्मी, इजाजत?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्या अंगावर फेकणारच होते. "निर्लज्जा! मरणाऱ्या आईला विचारतोस? तुझं काळीज आहे की तुझ्या मोटारीचा डबा?"

आणि मनूबिया उठली हो! कोपरावर टेकून उठली, डोळे उघडले आणि म्हणाली, "नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वसीला, तोंड बंद कर आणि मला रस्सा दे." चार दिवसांनी तिच्या पोटात घास गेला. आठवड्यात ती मागावर बसली. मी हातिमशी महिनाभर बोलले नाही. तोही काही खुलासा न करता दर शुक्रवारी नेमानं विचारत राहिला, आणि मी त्याला मनातून निवडक शिव्या घालत राहिले.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मनूबियाला पोटात धडधडतंय असं वाटू लागलं. बेंबीपाशी हात ठेवला की नाडी लागायची, दुसरं काळीज असल्यासारखी. हातिमला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून नाजिहाला भेटायला जातो असं सांगून आम्ही दोघी सूसाला गेलो. माझी नाजिहा तिथे नांदते, समुद्राजवळ. मनूबियाला बसमध्ये बसवायला मला शपथा घालाव्या लागल्या. डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं चित्र काढून दाखवलं, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली आहे, ती कधी ना कधी फुटणार. ऑपरेशन करून घ्या. शंभरातल्या पंचाण्णव बायका बऱ्या होऊन घरी जातात.

"आणि पाच?" मनूबियानं विचारलं.

"त्या ऑपरेशनच्या टेबलावरच जातात, हाज्जा. पण तुमची तब्येत बघता..."

"मी हाज्जा नाही, हजला गेलेलेच नाही," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर बाकावर बसवून मी तिला किती समजावलं! रडले, ओरडले, येणारेजाणारे थांबून बघायला लागले. "पंचाण्णव, बये, पंचाण्णव! तुला मोजता येत नाही का?"

"येतं. पण त्या पाचांत मी निघाले तर हातिम चाळीस दिवसही थांबायचा नाही. न करता जितके दिवस मिळतील तितके माझे. त्याचं वय वाढतंय, वसीला. पस्तिशी उलटली, लग्न झालं, पोटऱ्या दुखायला लागल्या की डोकं निवतं. मला फक्त वेळ काढायचाय."

"मग त्याला सांग तरी!"

"आई मरणार हे कळलं की तो तयारी करेल. शपथ घे."

मी शपथ घेतली. माझ्यासारख्या बाईनं! दवाखान्याचे कागद माझ्याच पेटीत ठेवले, तिच्या त्या पांढऱ्या कपड्यांच्या खाली. परतताना बसमध्ये तिनं दुसरी गोष्ट काढली. शेख तय्यिबना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. दूध पाजणारीची इजाजत लागते का? शेख म्हणाले होते, तसं बंधन सापडत नाही, पण मान आईचाच. "पुस्तकात नसलं तरी हातिमच्या डोक्यात असेल," मनूबिया म्हणाली. "मी गेले की तो तुझ्याकडे येईल. तो विचारल्याशिवाय राहणार नाही. तू नाही म्हणायचंस. दर शुक्रवारी."

मला एवढा राग आला की सांगता सोय नाही. नाजिहानं माझ्यासाठी खोली करून ठेवली होती, खिडकीतून पाणी दिसणारी. माझे गुडघे गेलेले, डोळे गेलेले, माग मला नकोसा झालेला. तिचं दुखणं एकदा मार्गी लागलं की मी निघणार होते. आणि ही बाई स्वतःची कोठडी मला आंदण देत होती! मी म्हटलं, "अकरा दिवस दूध पाजलं त्याची एवढी शिक्षा?"  तिनं नुसता माझा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. धडधड लागली. मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर ती एक वर्ष आणि सात महिने जगली. एवढं एक एक दिवसानं जगलेलं माणूस मी बघितलं नाही. एका मंगळवारी सकाळी आम्ही मागावर होतो. मी उजवीकडून येत होते, ती डावीकडून. "पाठीत कळ आली गं," म्हणाली आणि माझ्या खांद्यावर कलली. मी हाक मारत राहिले, तिच्या बोटांत लोकरीचा धागा तसाच होता. हातिमला कुणीतरी दुकानातून आणलं तोवर संपलं होतं.

अंगाला पाणी मीच घातलं. बुधवारी तिला नेलं. गुरुवारी बायका येऊन रडून, खाऊन गेल्या. नाजिहा म्हणाली, "चल आता, उम्मी," आणि मी म्हटलं, "थांब, अजून शुक्रवार यायचाय." तिला वाटलं मला भ्रम झाला.

शुक्रवारी मी कुसकुस केलं. माझ्या घरात, पहिल्यांदा.  मनातल्या मनात शंभर वेळा घोकत होते, नाही, नाही, नाही. माझ्या नाहीला तिच्या नाहीची धार कुठून येणार? आणि तो म्हणाला, खालती, तू काही माझी खरी आई नाहीस, तर मी काय करणार होते?

तो आला. दार वाजवलं नाही. वाकला आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं.  तो बसला, बिस्मिल्लाह म्हणून त्यानं चमचा उचलला, दोन घास खाल्ले. तिसरा खाल्ला. मला राहवेना.

"विचार की!"

"काय, खालती?"

"जे विचारायला आलास ते. माझंही उत्तर नाहीच आहे, आधीच सांगते. मी तुला पाजलंय. मी मरेपर्यंत नाही."

त्यानं चमचा खाली ठेवला. आधी हसल्यासारखं केलं आणि मग पोरगं रडायलाच लागलं. आईला नेतानासुद्धा रडलं नव्हतं.

"खालती, ते मी केव्हाच सोडलं. रमझीनं मला एकदा फोन केला होता, मरायच्या आधी. म्हणाला, समोरचे पण आपल्यासारखीच नमाज पढतात रे, रात्री त्यांची अजान ऐकू येते. मला घरी यायचंय म्हणाला, इथले येऊ देत नाहीत. त्या दिवसापासून माझ्या मनातून ते पार गेलं."

"मग दर शुक्रवारी तुझं ते काय चाललं होतं? साडेतीन वर्षं?"

"तिला ताप होता तो हिवाळा आठवतो? डॉक्टर म्हणाले होते, जवळच्यांना कळवा. मी तिला सांगायलाच आलो होतो, उम्मी, मी कुठे जात नाही, तू निवांत हो. आणि जवळ वाकलो तेव्हा माझ्या मनात आलं, निवांत झाली तर ती जाईल." त्यानं नाक पुसलं. "म्हणून विचारलं. तुझ्या शिव्या खाल्ल्या, पण ती उठली. मग मी थांबलोच नाही. मला वाटलं, जोवर मी विचारतोय तोवर ती मरायची नाही. शेख म्हणाले होते ना, तिच्यासाठी झट. मला दुसरं काय करता येत होतं?"

 मला बोळ दिसला, माठ दिसला, मिठावाचून गिळलेलं जेवण दिसलं, सूसाचा तो बाक दिसला आणि त्यावर बसून मी ओरडत होते ते, पंचाण्णव, बये, पंचाण्णव. एक वाक्य. यानं तिला एक वाक्य सांगितलं असतं, किंवा मी याला एक सांगितलं असतं, तर ती त्या टेबलावर हसत जाऊन झोपली असती.  पलीकडच्या खोलीत दवाखान्याच्या कागदांची पेटी होती, उठून दहा पावलं.

"खालती," तो म्हणाला, "मृत्यूच्या कागदावर सही करायला आलेले डॉक्टर म्हणत होते, ही अशी रक्तवाहिनी फुटायच्या आधी वर्षानुवर्षं फुगत असते. वेळेवर कळलं तर ऑपरेशन होतं, लोक बरे होतात. तिला कधी काही दुखलं होतं का? कधी कुणाला दाखवलं होतं का तिनं? तुला तर ती सगळं सांगायची."

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना. जेव."

तो जेवला. त्याचं पुरं होईपर्यंत मी जागची हलले नाही, कारण हलले असते तर पाय पेटीकडेच वळले असते. हात धुऊन आल्यावर तो दारात घुटमळला. म्हणाला, "दर शुक्रवारी इथेच येत जाऊ का, खालती? आता मला दुसरं घर नाही."

आतल्या खोलीत नाजिहा माझं गाठोडं बांधत होती.

"ये," मी म्हटलं.